हाय खाल्लेल्यांची नोंद



आपल्याकडे पन्नाशीच्या आतबाहेरचा कर्ता गडी अचानक गेला, की मातीला जमलेल्या माणसांत दोन बोलणी ऐकू येतात. एक जण म्हणतो, "अटॅक आला." दुसरा म्हणतो, "गेल्या सालापासून त्यानं हाय खाल्ली होती." पहिले बोलणे शहाण्याचे आणि दुसरे अडाण्याचे, असे आपण धरून चालतो. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लागलेच तर पहिले लागते. दुसरे राख सावडून झाली की विसरले जाते.

मला सांगायचे आहे ते हे, की दुसरे बोलणे अडाण्याचे नाही. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जगभरच्या डॉक्टरांनी हजारो रोगी तपासून जे बाहेर काढले ते आपल्या आजीच्या 'हाय खाल्ली' या दोन शब्दांच्या फार जवळ येऊन थांबले आहे. मनाने खचलेला आणि चार माणसांपासून तुटलेला माणूस काळजाच्या दुखण्याने लवकर मरतो. आपल्या जिल्ह्यात अशी किती माणसे गेली हे कोणी मोजलेले नाही. ते मोजण्याचे काम आपण हाती घ्यावे, असे माझे म्हणणे आहे.

भावाच्या लढाईच्या पत्रकात हा विषय कशाला, असे काही जुने कार्यकर्ते विचारतात. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्या सुरू झाल्यापासून इंडियाने दर वेळी कारण शोधले ते शेतकऱ्याच्या डोक्यात. तो दारू पितो, लग्नात उधळतो, त्याचे मन कमकुवत आहे, त्याला प्रवचन द्या, योगासने शिकवा. २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद केली, २०२५ च्या ऑगस्टात कापसावरचे आयात शुल्क काढले. माल मातीमोल करायचा आणि पडलेल्या माणसाकडे समुपदेशक धाडायचा, हा म्हणजे मारणाऱ्यानेच मलमपट्टीचे दुकान टाकण्याचा प्रकार झाला. घामाच्या दामाला समुपदेशन हा पर्याय होऊ शकत नाही, यात दुमत नाही.

पण आपल्याकडूनही एक गोष्ट सुटते. 'भाव मिळाला की सगळे रोग आपोआप बरे होतील' असे म्हणून आपण मोकळे होतो. क्षयरोग गरिबीतून येतो हे खरे असले, तरी गरिबी हटेपर्यंत रोग्याला औषध द्यायचे थांबवत नाहीत. भाव मिळवायला दहा वर्षे लागली, तर तोपर्यंत ज्याच्या छातीवर दगड आहे त्याचे काय करायचे? हा प्रश्न सरकारला विचारण्याआधी आपल्यालाच विचारला पाहिजे.

आता डॉक्टरांनी काय शोधले ते थोडक्यात. १९८४ साली अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या २,३२० पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आयुष्यात ओढाताण जास्त आणि माणसांशी संबंध कमी, त्यांना पुढच्या काळात मरणाचा धोका इतरांच्या चौपटीहून अधिक निघाला. १९९३ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरात झटका येऊन गेलेले २२२ रोगी पाहिले. इस्पितळात असतानाच ज्यांना नैराश्याने गाठले होते, त्यांच्यात पहिल्या सहा महिन्यांतले मृत्यू कितीतरी पटीने जास्त होते. हृदय किती कमजोर झाले आहे याचा हिशेब वेगळा काढून ठेवला, तरी फरक उरलाच. २००४ साली ५२ देशांतला मोठा अभ्यास बाहेर आला. झटका आलेले पंधरा हजारांवर रोगी आणि जवळपास तेवढेच निरोगी लोक त्यात होते, आपला देशही होता. तंबाखू, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी यांच्या पंक्तीला त्यात एक कारण येऊन बसले: मनावरचा ताण आणि नैराश्य. त्यासाठी लोकांना जे प्रश्न विचारले, त्यात पैशाच्या विवंचनेचाही होता. याच अभ्यासातली आपल्या उपखंडाची माहिती नागपूरच्या डॉ. प्रशांत जोशी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडली. आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत तो ५९ च्या सुमारास. सहा वर्षे आधी. म्हणजे मुलीचे लग्न व्हायचे, मुलाचे शिक्षण संपायचे आणि सोसायटीचे कर्ज फिटायचे असते, नेमक्या त्या वेळी.

२०१६ साली आधीच्या अनेक अभ्यासांची गोळाबेरीज झाली. एकटे पडलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका शेकडा २९ ने आणि लकव्याचा शेकडा ३२ ने वाढतो, असा आकडा निघाला.

हे होते कसे? रबी ज्वारी करणाऱ्याला समजावणे सोपे आहे. खडखड्या आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे पडून असते, माझ्या रानात आणि तुमच्याही. ओल धरून असलेल्या रानात ती ज्वारीला फारसे काही करत नाही. फुलोरा सरतो, दाणा भरायला लागतो, नेमकी तेव्हाच खालची ओल संपते आणि ऊन तापते. मग ती बुरशी मुळातून बुडख्यात शिरते. बाहेरून ताट हिरवे दिसते, कणीसही दिसते. आतून मात्र नुसते धागे उरलेले असतात. एक दिवस वारा सुटतो आणि उभे पीक आडवे होते. आपण म्हणतो वाऱ्याने पाडले. खडखड्यावर फवारणी करून फारसे काही साधत नाही. वेळेवर पेरा, कोळपण्या आणि ओल टिकवणे हाच खरा इलाज, हे कोरडवाहूच्या शास्त्रात जुने आहे.

काळजाचेही असेच आहे. आपल्या उपखंडातल्या माणसाच्या अंगात चरबी, साखर, रक्तदाब यांचा जोर मुळातच असतो, वर तंबाखू आणि मिश्री. तेवढ्याने प्रत्येक जण पडत नाही. आधाराची ओल संपली की पडतो. बिबट्या समोर आला तर छाती धडधडते, रक्त चढते, साखर उसळते. हे शरीर आपल्याला वाचवायला करते आणि बिबट्या गेला की सगळे खाली येते. पण कर्जाचा बिबट्या जात नाही, तो वर्षभर ओसरीवरच बसलेला असतो. मग चढलेला दाब चढलेलाच राहतो, झोप उडते, रक्ताची गुठळी व्हायची खोड वाढते, रक्तवाहिन्यांना आतून सूज धरते. शिवाय खचलेला माणूस गोळी चुकवतो. 'जगून काय करायचंय' म्हणणारा माणूस रक्तदाबाची गोळी कशाला घेईल? तंबाखू आणि बाटली वाढते. एकट्याला 'गोळी घेतली का' असे विचारणारे कोणी नसते. रात्री दोन वाजता रानातल्या वस्तीवर छातीत कळ आली तर १०८ ला फोन लावणारेही नसते. यातले शेवटचे कारण कळायला कोणत्याही शास्त्राची गरज नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर आपल्यात आणि बियाण्याच्या जाहिरातीत फरक राहणार नाही. नैराश्यावर इलाज केला म्हणजे हृदयविकार टळलाच, असे अजून कोणी छातीठोकपणे सिद्ध केलेले नाही. २००३ साली अमेरिकेत झटका येऊन गेलेल्या सुमारे अडीच हजार रोग्यांवर मोठा प्रयोग झाला. त्यांची उदासी हटली, एकटेपण कमी झाले, पण मृत्यू काही कमी झाले नाहीत. उलट २०१८ साली कोरियातून ३०० रोग्यांचा निकाल आला. त्यात सुरुवातीला नैराश्याचे औषध घेतलेल्यांत पुढच्या वर्षांत शंभरांतल्या ४१ जणांना हृदयाचा मोठा त्रास झाला, न घेतलेल्यांत ५४ जणांना. तेव्हा खात्री द्यावी असा हा मामला नाही. पण औषधाने झोप लागते, भूक लागते, माणूस पुन्हा रानात जायला लागतो, घरात हसतो. एवढे पदरात पडत असेल तर बाकीच्या हिशेबासाठी थांबायचे कारण दिसत नाही.

आता आपल्या गावांकडे या. माणूस एकटा पडतो कसा?

उजनीच्या कालव्याखालचा भाग सोडला तर आपला बहुतेक जिल्हा पावसाच्या ओलीवर जगतो. गावठाणात जागा पुरेना म्हणून सांगोला, करमाळा, मंगळवेढ्याकडची माणसे रानात वस्ती करून राहिली. सोय झाली, जनावरांवर नजर राहिली. पण संध्याकाळी पारावर टेकायचे बंद झाले. पूर्वी इर्जिकीला आठ-दहा औते एका रानात उतरत. सावडीने पेरणी, सावडीने काढणी चाले. खळ्यावर चार-पाच रात्री मुक्काम पडे, आणि कोणाच्या घरात काय शिजते आहे ते तिथे न विचारता कळे. आता मळणी यंत्र येते, दोन तासांत धान्य पोत्यात भरून मोकळे. यंत्र आले ते चांगलेच झाले. पाठ मोडणारे काम गेले याचे दुःख करणाऱ्याने एक दिवस ज्वारी उपटून पाहावी. पण कामाबरोबर सोबतही गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

जुने गाव सोन्याचे होते, असेही मी म्हणत नाही. चावडीवर कोण बसायचे आणि पायरीखाली कोण उभे राहायचे, हे कोणी विसरलेले नाही. विधवा बाईला तर गावाने जिवंतपणीच एकटे पाडले होते. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यामागे आपल्या करमाळ्यातून धरलेला आग्रह होता, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, हा ठराव एका बाईला माणसांत ठेवण्याचा ठराव आहे. मी तर त्याला आरोग्याचा ठराव म्हणेन.

पण सगळ्यात जास्त एकटे पाडते ते कर्ज. हा माणूस तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. कृषी सेवा केंद्रवाल्याची उधारी थकली म्हणून तो आधी पेठेतला रस्ता सोडतो आणि मागच्या बोळाने येतो. मग आहेर करायला पैसा नाही म्हणून भावकीतल्या लग्नाला जात नाही, पोटात दुखत असल्याचे सांगतो. बँकेचा फोन येतो म्हणून मोबाईल बंद ठेवतो. त्यामुळे पुण्याच्या कंपनीत कामाला असलेल्या मुलाचाही फोन लागत नाही. बाजाराच्या दिवशी बायकोला पाठवतो. बैठकीला यायचे बंद करतो, आणि आपण म्हणतो, "तो आता चळवळीत राहिला नाही." २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळ्याकडच्या रानांची मातीच खरवडून नेली. पंचनाम्यात पिके मोजली, जनावरे मोजली, घरे मोजली. त्या रानाच्या कडेला रोज नुसता जाऊन बसणारा माणूस कोणत्या रकान्यात लिहायचा?

तरुणांचे आणखी वेगळे. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात नवरदेवांचा मोर्चा निघाला. बाशिंग बांधून, घोड्यावर बसून पोरे जिल्हाधिकारी कचेरीवर गेली आणि आम्हाला बायको मिळवून द्या म्हणाली. सगळ्या महाराष्ट्राने ती बातमी हसत वाचली. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. मुली गर्भातच मारल्या आणि जन्मलेल्या मुलींना कोरडवाहू घर नको झाले, यात त्या मुलींचा दोष नाही. पण पस्तिशीतला पोरगा म्हाताऱ्या आईबापासह वस्तीवर राहतो, दोस्तांची पोरे शाळेत जाताना पाहतो आणि संध्याकाळी मोबाईलवर डोळे लावून पडतो. पंधरा वर्षांनी त्याच्या काळजाचे काय होईल, हा प्रश्न थट्टेचा नाही.

आणि बायका. त्यांची हाय कोणाला दिसतही नाही, कारण त्या काम थांबवत नाहीत. पुरुष खचला की अंथरूण धरतो. बाई खचली तरी भाकरी थापते. तिचा झटकाही पुष्कळदा वेगळा येतो. छातीत कळ येण्याऐवजी दम लागतो, जबडा किंवा पाठ दुखते, घाम फुटतो, अंगातली शक्तीच जाते. घरचे म्हणतात गॅस धरला, ओवा खा. त्यात वेळ जातो.

आता मोजणीचा मुद्दा. २०२२ साली महाराष्ट्रात ४,२४८ शेतकऱ्यांनी आणि शेतमजुरांनी आत्महत्या केल्याची नोंद सरकारच्या गुन्हे नोंद विभागात आहे. आत्महत्या झाली की निदान फाईल उघडते. जमीन नावावर होती का, कर्ज थकले होते का, हे पाहून पात्र-अपात्र ठरवतात आणि पात्र ठरलेल्याच्या घरी एक लाख देतात. साप चावला, वीज पडली, विहिरीत पाय घसरला, तर शेतकरी अपघात योजनेतून दोन लाख मिळतात. दोन्ही रकमा तुटपुंज्या आहेत, ते असो. पण त्याच कर्जाने, त्याच भावाने, त्याच एकटेपणाने खचून जो अटॅकने गेला, त्याची बायको यांपैकी कोणत्याही दारात उभी राहू शकत नाही. तो 'नैसर्गिक मृत्यू' ठरतो. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचातल्या एकाचे कारण डॉक्टरने रीतसर लिहिलेले असते. वस्तीवर रात्री गेलेल्या आपल्या माणसाचे कारण कोण लिहिणार? आत्महत्येचा आकडा हे कणगीच्या तोंडाशी दिसणारे धान्य आहे. खाली किती आहे ते कोणी हात घालून पाहिलेले नाही.

गावपातळीवर काही करता येते का? येते, आणि ते आपल्याच राज्यात झालेले आहे. विदर्भातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले. त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याविषयी बोलणे सुरू केले, साधे बोलून होणारे उपचार केले आणि गरज असलेल्याला डॉक्टरपर्यंत नेले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांतले चारच जण इलाजापर्यंत पोचत होते. दीड वर्षाने सत्तावीस पोचले. मोठा डॉक्टर गावात राहायला आला नव्हता. विचारपूस करणारा माणूस तेवढा आला होता.

सरकारने २०१५ साली 'प्रेरणा' प्रकल्प काढला. आशाताईंनी घरोघर जाऊन शेतकऱ्याच्या मनाची चौकशी करायची, अशी त्यात योजना होती. पण तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांपुरता. त्यात धाराशिव होता, सोलापूर नव्हता. म्हणजे बार्शीच्या शिवेपलीकडच्या शेतकऱ्याचे मन सरकारच्या कागदावर दुखते आणि अलीकडच्याचे दुखत नाही. जमीन तीच, पाऊस तोच, भावही तोच. पश्चिम महाराष्ट्र म्हणजे ऊस आणि ऊस म्हणजे श्रीमंती, असा नकाशा मुंबईत बसून काढला की असे होते.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत दोन कामे ठरवायची आहेत.

पहिले विचारपुशीचे. आपल्या गावातला जो माणूस सलग दोन बैठकांना आला नाही, त्याच्या घरी दोघांनी जायचे. वर्गणी मागायला नाही, उपदेश करायला नाही, 'असं खचून कसं चालंल' म्हणायला तर नाहीच. चहा प्यायचा आणि बसायचे. डॉक्टर सुरुवातीला दोन प्रश्न विचारतात, तेच आपल्या भाषेत विचारावेत: गेले पंधरा दिवस मन उदास असतं का? पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात आता रमत नाही का? उत्तर 'रोजच असं होतंय' असे आले, तर त्याला सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात घेऊन जायचे. जा म्हणून सांगून सोडायचे नाही, बरोबर जायचे. जीव नकोसा झाला आहे का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे, उलट बोलल्याने माणूस मोकळा होतो. तो हो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये. १४४१६ हा सरकारचा फोन रात्रंदिवस फुकट चालतो, मराठीत बोलता येते. त्याच फेरीत बीपी आणि साखर उपकेंद्रात मोजून घ्यायची आणि गोळ्या सुरू असतील तर चालू आहेत का ते पाहायचे. घरच्यांना एवढे सांगून ठेवायचे, की छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम, घाम यांपैकी काही झाले तर ओवा-सोडा करत बसू नये, १०८ लावावा. अँजिओप्लास्टी महात्मा फुले योजनेत बसते. तेव्हा पैशाच्या भीतीने रात्र काढू नये.

दुसरे काम नोंदीचे. प्रत्येक गावाने एक साधी वही घालावी. गेल्या तीन वर्षांत साठीच्या आत गेलेल्या शेतकरी आणि शेतमजूर, स्त्री आणि पुरुष, सर्वांची नोंद. रकाने थोडेच: वय, जमीन किती आणि कोरडवाहू की बागाईत, मरण अचानक आले का, दवाखान्यात पोचले का, कर्ज थकले होते का, शेवटच्या वर्षात माणसांत मिसळणे सुटले होते का, गोळ्या सुटल्या होत्या का. घरच्यांची इच्छा असेल तरच विचारायचे. नावे बैठकीत वाचायची नाहीत आणि कोठे छापायची नाहीत. या वह्यांनी शास्त्रीय सिद्धता होणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. पण 'सोलापुरात असे काही नाही' म्हणणाऱ्या अधिकाऱ्यासमोर ठेवायला आपल्याजवळ आज एक कागदही नाही. वह्या जमल्या की घरोघर चौकशीची योजना सोलापूरला लागू करा आणि अपघात योजनेतल्या 'नैसर्गिक मृत्यू'च्या कलमाचा फेरविचार करा, या दोन मागण्या घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे आहे.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या कार्यकर्त्यांनी पहिली फेरी येळवशीच्या आधी उरकावी. आंबील आणि भज्जी घेऊन सगळे कडब्याच्या कोपीवर जमतात, त्या दिवशी कोणाच्या रानात कोपच उभी राहिली नाही हे लांबूनही दिसते. त्या रानाच्या मालकाचे नाव फेरीच्या यादीत आधी घ्यावे. बाकीच्या तालुक्यांनी वह्या भरून जिल्हा बैठकीला सोबत आणाव्यात.